हळदीचा हात

"ही थोरली का?" उगमबाईंनी विचारलं आणि स्टुडिओच्या काचेच्या कपाटात लावलेल्या मोठ्या फोटोकडं बोट केलं. मग तेच बोट काउंटरच्या पायथ्याशी डब्यांच्या झाकणांशी खेळणाऱ्या आरोहीकडं वळलं. "आणि ही धाकटी होय? जिवणी दोघींची अगदी एक. रंग मात्र हिनं वेगळा उचलला."

मुक्ता त्यांच्या नातीच्या, सिद्धीच्या, साखरपुड्याचा अल्बम पिशवीत सरकवत होती. तिचा हात थांबला नाही. "एकच आहे की हो, काकी," ती हसून म्हणाली. "हीच ती. दिवाळीतला फोटो आहे."

"हात्तिच्या!" चष्मा वर सरकवून उगमबाईंनी एकदा फोटोकडं पाहिलं, एकदा पोरीकडं. बाजारपेठेत मोहनलालशेठच्या कापडाच्या दुकानात त्यांचा जन्म गेला होता, आणि बोलणं सरळ होतं. "दिवाळीतला म्हणतेस. मग मधे आजारी-बिजारी होती काय गं?"

"नाही. सर्दी झाली होती थोडी."

"मीठ-मोहऱ्या ओवाळून टाक. आणि असा रस्त्यावर लावू नये फोटो. शंभर जणांची नजर जाते." पिशवी काखेला मारून त्या पायरी उतरल्या, आणि तहसील कचेरीकडून येणाऱ्या माणसांत मिसळून गेल्या.

सर्दी झाली होती थोडी. हे वाक्य आपण किती चटकन बोललो, असं मुक्ताला वाटलं. जणू ते आधीच तयार करून, घडी घालून, हाताशी ठेवलं होतं. सर्दीनं माणसाचं नाक लाल होतं, रंग उतरत नाही. तिनं खाली पाहिलं. आरोही झाकणावर झाकण ठेवत होती, सावकाश, एखाद्या म्हातारीनं भांडी लावावीत तशी. मग दमल्यासारखी तिनं भिंतीला पाठ टेकली. तिचे कान उन्हाच्या तिरिपेत आले होते, आणि त्यांतून ऊन आरपार जात होतं, पण तांबूस होऊन नव्हे. मेणातून जावं तसं. मुक्तानं डोळे चोळले. हे डोळे आता कामाचे राहिले नाहीत, असं तिनं स्वतःला सांगितलं. तेही तयार वाक्यच होतं.

डोळ्यांचं खरं होतं थोडं. सकाळपासून मॉनिटरपुढं बसून ती लोकांच्या चेहऱ्यांना ऊब देत असे. तिचा नवरा चांगदेव त्याला हळद लावणं म्हणायचा. रोलचा कॅमेरा विकून त्यानं डिजिटल घेतला, तेव्हा पहिली काही लग्नं अगदी निळीसर निघाली. नवरा-नवरी, मांडव, जेवणावळी, सगळ्यावर जणू पहाटेच्या थंडीचा हात फिरलेला. डोंगराकडच्या गावातला जानकू आपल्या लग्नाचे फोटो काउंटरवर पसरून कितीतरी वेळ बघत राहिला, आणि म्हणाला, "चांगदेवभाऊ, आमी लगीन केलंय का आमची मयत झाली, राव?" सगळे हसले. चांगदेव हसला नाही. आत येऊन तो मुक्ताला म्हणाला, "तू त्यो कोर्स केलाय ना फोटोशॉपचा? ह्यास्नी जरा हळद लाव. जित्ती करून दे." तिनं लावली. आधी पिवळं, अंदाजानं. मग तांबडं, चिमटीभर. मग सगळ्यावर थोडा मऊपणा, चेहऱ्याच्या कडा उन्हात विरघळल्यासारख्या. माणसं जिवंत झाली. जानकू फोटो घेऊन गेला तो येताना चुलतभावाचं लग्न घेऊन आला. तेव्हापासून स्टुडिओत कुणाला वेगळं सांगावं लागत नसे. दाखल्याच्या फोटोला हळद नाही, मयताच्या फोटोला थोडी, बारशाला आणि लग्नाला सढळ. आकडे तिनं कधी लिहून ठेवले नाहीत. भाजीत मीठ कुणी मोजून घालतं का? हाताला कळतं.

आणि तासन्‌तास त्या पिवळ्या उबेत बसून उठलं, की बाहेरचं जग निळं दिसे. पायरी, रस्ता, समोरच्या हॉटेलातला वाफाळता चहासुद्धा. थोडा वेळ गेला की डोळा ताळ्यावर येई. हे तिनं चांगदेवला सांगितलं होतं, आणि तो म्हणाला होता, "मग बरंय की, घरची भाकरी करपली तरी कळायची न्हाई." त्यामुळं संध्याकाळी मशीन बंद करून ती आरोहीला उचलून घेई, आणि पोरीचा चेहरा राखेसारखा वाटे, तेव्हा ती स्वतःशी म्हणे, थांब, डोळा बसू दे. मग चूल, भाकरी, सासूची, आत्याबाईंची, गोळी, आणि ते बसायचं राहून जाई. घरातल्या बल्बचा उजेड तर मुळातच पिवळा. त्यात सगळेच बरे दिसतात.

पण इतकी बेसावध कशी गं तू, असं कुणी विचारलं असतं तर तिला हसू आलं असतं. ती बेसावध नव्हतीच कधी. बाळंतपणाला डिंगोऱ्याला, माहेरी, होती तेव्हाच तिच्या मनात एक रखवालदार बसला होता, आणि तो पुन्हा उठून गेला नाही. उसात बिबट्या असतो म्हणून ती दिवस कलल्यावर पोरीला अंगणात सोडत नसे. शेंगदाणा श्वासनलिकेत जातो म्हणून शेंगदाणा नाही. पोरगी झोपली की तिच्या नाकाशी बोट धरून बघायची. साळुबाई, तिची सासू, म्हणायची, "आमी काय पोरं वाढवली न्हाईत? धा पोरांत एक तापली तर ठावं पडायचं, एवढं तुझं एकीचं कौतिक." कॉलेजात शिकलेल्या बायकांना भीती जास्त वाटते, हे साळुबाईचं ठाम मत होतं, आणि मुक्ताला ते खोटं वाटत नसे. तिनं सगळ्या दारांवर पहारा ठेवला होता. आणि घरात कुणीतरी केव्हाच येऊन बसलं होतं.

रात्रीच्या जेवणाला तिनं विषय काढला. चांगदेव म्हणाला, "उगमबाईच्या चष्म्याचा नंबर बदललाय. परवा मला चिमाजी म्हणून हाक मारली तिनं." साळुबाईनं आरोहीला मांडीवर ओढलं. "पोरीला उन्हात न्हेत न्हाईस. मशिनीपाशी बसवतीस दिवसभर. कोंबडीचं पिल्लू पाटीखाली झाकल्यावानी. पांढरं न्हाई व्हनार तर काय?" म्हणजे पांढरं झालंय, हे आत्याबाईंनाही दिसत होतं. मुक्तानं भाकरीचा तुकडा ताटात तसाच ठेवला. "उद्या मंचरला जाऊ," ती म्हणाली. आपला आवाज इतका थकलेला का येतोय, हे तिला कळलं नाही. अजून तर काही झालंही नव्हतं.

मंचरच्या लहान मुलांच्या डॉक्टरांकडं बाकावर जागा नव्हती. भिंतीवर एका गुटगुटीत बाळाचं पोस्टर होतं. मुक्तानं सवयीनं पाहिलं, तांबडं जास्त झालंय. मग स्वतःचीच तिला किळस आली. आत डॉक्टरांनी आरोहीला टेबलावर बसवलं, तिचे तळहात उलटे करून पाहिले, नखं दाबली, आणि अंगठ्यानं डोळ्याची खालची पापणी हलकेच ओढली. "इकडं या," त्यांनी मुक्ताला बोलावलं. "हे आतून लाल असायला हवं." आतून ते सोललेल्या लसणीसारखं होतं. एवढीशी पापणी. रोज काजळ घालताना तिनंच ती ओढली होती.

"कधीपासून आहे असं?"

मुक्तानं तोंड उघडलं. पण तिच्याआधी साळुबाई बोलली. "दिवाळीपत्तुर गुलाबावानी व्हती की, सायेब. आत्ताच काय झालं कुनाला ठावं."

"आई-वडिलांना विचारतोय मी, आजी. रोज बघणाऱ्याला कळत नाही, ते मी समजू शकतो. जुने फोटो आहेत का? असले तर फार मदत होते."

आणि चांगदेवचा चेहरा उजळला. त्या सगळ्या सकाळीत पहिल्यांदा त्याला काहीतरी करण्यासारखं मिळालं होतं. "आपला फोटोचाच धंदा आहे, डॉक्टर," तो म्हणाला, आणि पिशवीतून त्यानं पाकीट काढलं. मुक्ताला माहीत नव्हतं की त्यानं ते बरोबर घेतलंय. निघताना पिशवीत टाकलं असणार. वाटेत कुणी भेटलं तर दाखवायला म्हणून तो नेहमीच लेकीचे फोटो जवळ बाळगायचा. दर महिन्याला एक, पांढऱ्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून काढलेला. डॉक्टरांनी ते ट्यूबलाइटखाली टेबलावर मांडले, पत्ते मांडावेत तसे. शेवटचा दिवाळीचा; त्यानंतरचे काढायचे राहून गेले होते. गालांवर दिव्याची ऊब, ओठ ओले, केसांच्या टोकांना सोनं.

"छान आलेत," डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी खालच्या लॅबमधून आलेला रक्ताचा कागद फोटोंशेजारी ठेवला, आणि दिवाळीच्या फोटोवर बोट टेकवलं. "असायला हवं त्याच्या निम्म्यावर आहे रक्त. दिवाळीत ही अशी होती, आणि आज अशी. मधल्या तीन-चार महिन्यांत एवढं रक्त गेलं कुठं?" ते विचारत नव्हते, मनाशी बोलत होते. "सावकाश उतरलेलं असतं, तर मी वेगळा विचार केला असता. पण इतकं झपाट्यानं उतरलं असेल, तर मी इथं थांबवून ठेवणार नाही. पुण्याला जावं लागेल. हाडात सुई घालून आतला मगज तपासतील. घाबरू नका, पण उशीरही करू नका."

"ते फोटो..." मुक्ता म्हणाली.

डॉक्टरांनी वर पाहिलं. "बोला."

"ते जरा..."

"जुने न्हाईत, डॉक्टर," चांगदेव म्हणाला. "तारीख पडलीय ना मागं. दिवाळीचाच आहे हा."

त्या एका क्षणात, ट्यूबलाइटच्या बारीक गुणगुणीत, तिला ते वाक्य पूर्ण करता आलं असतं. चारच शब्द होते. पण ते शब्द म्हटले की पुढचे आपोआप येणार होते, आणि त्या पुढच्या शब्दांचं तोंड तिला अजून दिसत नव्हतं, नुसती चाहूल होती, अंधारात गोठ्यापाशी काहीतरी उभं असल्यासारखी. आरोहीच्या हाताला रक्त काढल्या जागी कापसाचा बोळा होता, तो तिनं धरून ठेवला, सुटलेला नसतानाही.

जीपमधून गावात, घोडेगावला, उतरल्यावर चांगदेव ओळखीच्या गेणूची गाडी पुण्यासाठी ठरवायला गेला. साळुबाईनं पोरीला पुढ्यात घेऊन बशीत चहा ओतला, बिस्कीट बुडवून भरवू लागली, आणि भरवता भरवता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते तिनं पुसलं नाही. मुक्तानं ते पाहिलं आणि झोपाळलेल्या आरोहीला उचलून ती स्टुडिओत आली. दुपारची लाईट नुकतीच आली होती. फोटोसाठी लावलेल्या पडद्यामागं चटईवर पोरीला टाकून तिनं मशीन चालू केलं. आपण काय शोधायला बसलोय, हे तिला नीट माहीत नव्हतं. आपले मूळ फोटो सापडतील, बिनहळदीचे, अशी एक आशा होती. पण ती खोटी आहे हेही ठाऊक होतं. डिस्क भरते म्हणून मूळ फोटो ती ठेवतच नसे. ज्या फोटोवर काम करायचं, त्यावरच ते जतन करायचं, वरच्यावर, जुन्या सारवणावर नवं सारवण घालावं तसं. गिऱ्हाइकांचेही तसेच. कुणाला हवे असतात मूळ फोटो?

लग्नाआधी तिचा स्वतःचा एक फोटो जुन्नरला काढला होता, स्थळांना दाखवायला. त्यात ती हिरवट-काळी आली होती, गालांवर खड्डे, डोळ्यांखाली सावल्या. आई तो फोटो पदराआड धरून रडली होती. दोन स्थळं नुसत्या फोटोवरून परत गेली. चांगदेव मात्र स्वतः येऊन बसला, चहा प्याला, आणि जाताना तिच्या वडिलांना म्हणाला, "पोरगी चांगली आहे, फोटो काढणारा गाढव आहे." त्या वाक्यावर तिनं त्याच्याशी लग्न केलं, असं म्हटलं तरी चालेल. तेव्हापासून तिच्या मनात पक्कं बसलं होतं की माणूस आणि फोटो यांत फरक पडला, तर चूक फोटोची. माणूस बरोबर असतो. दोन-अडीच वर्षं मशीनपुढं बसून तिनं हेच केलं होतं: फोटोच्या चुका दुरुस्त केल्या होत्या. कुणाला खोटं दाखवलं नव्हतं. असंच तिला वाटत होतं.

मॉनिटरवर आरोहीचे सगळे महिने तिनं ओळीनं लावले. तीन महिन्यांची, मान सावरत नाही म्हणून उशी लावलेली. पालथी पडणारी. बसणारी. पहिला वाढदिवस, गणपतीतला, डोक्यावर कागदी टोपी. उभी राहणारी. पळायच्या बेतात असलेली, चेहरा थोडा पुसट. सगळ्या सारख्याच गोऱ्यागोमट्या, सारख्याच उबदार, एका भट्टीतून काढलेल्या पावांसारख्या. त्यांतून काहीच कळत नव्हतं. ती चेहरे बघून बघून थकली, आणि थकल्यामुळं तिची नजर चेहऱ्यावरून घसरून खाली गेली. खुर्चीवर.

खुर्ची पांढरी होती. स्टुडिओत अजूनही तशीच होती. पाठीमागं भिंतीला लावून ठेवलेली, एका हातावर चरा पडलेली. पहिल्या महिन्यांच्या फोटोंत ती दुधावरच्या सायीच्या रंगाची दिसत होती, हळद लावल्यावर दिसायला हवी तशीच. वाढदिवसाच्या फोटोतही तशीच. त्यानंतर ती लोण्यासारखी झाली होती. मग तुपासारखी. पुढच्या पावसाळ्यात मक्याच्या कणसासारखी. आणि दिवाळीच्या फोटोत, पोरीच्या पाठीमागं जेवढी दिसत होती तेवढी, खुर्ची गर्द पिवळी होती, हळदकुंकवाच्या ताटातल्या वाटीसारखी. मुक्तानं दुसऱ्यांची पोरं काढून पाहिली. त्याच खुर्चीत बसलेली, त्याच महिन्यांतली, कुणाच्या उष्टावणाची, कुणाच्या जावळाची. सगळ्यांच्या खाली खुर्ची सायीच्या रंगाची. पहिल्यापासून शेवटपर्यंत तीच साय. तिचा हात इतरांच्या पोरांवर कधी चुकला नव्हता. तो फक्त एकीसाठी जड होत गेला होता, महिन्यामागून महिना, चिमटीची मूठ होत गेली होती, आणि तिला त्यानं काही सांगितलं नव्हतं.

ती उठली. पडद्याआड जाऊन पोरीचा श्वास पाहिला. परत येऊन बसली. मशीनला पांढरं काय आहे ते दाखवलं, की बाकीचं ते आपोआप सरळ करतं, हे तिला माहीत होतं. दिवाळीचा फोटो मोठा केला, आणि बाण खुर्चीच्या कडेवर नेऊन ठेवला. दाबायला बोट तयार होईना. हे बोट तिच्या मनाविरुद्ध इतके दिवस काम करत होतं, आणि आता मनाचं ऐकत नव्हतं. मग दाबलं गेलं. खुर्ची पांढरी झाली. आणि खुर्चीत राखेच्या रंगाची एक पोर बसली होती, नव्या परकरात, ओठ आणि गाल एकाच रंगाचे, आणि ती हसत होती. ती दिवाळीतही अशीच होती. तिनं मागचा महिना उघडला, त्याच्या मागचा, खुर्च्या पांढऱ्या करत करत मागं गेली, जिना उतरावा तशी, आणि पोरीच्या गालांत एकेका पायरीवर थोडंथोडं रक्त परत येत गेलं, फार सावकाश, दर वेळी विश्वास ठेवावा न ठेवावा इतकंच. वाढदिवसाच्या टोपीखाली ती खरोखरच गुलाबी होती. हळद काढून टाकली तरी गुलाबी. मुक्ताच्या घशातून एक आवाज निघाला. तो आनंदाचा की कशाचा हे तिलाही सांगता आलं नसतं.

काही झपाट्यानं झालं नव्हतं. दीड वर्ष लागलं होतं. आणि त्या दीड वर्षात, दिवाळीपर्यंत दर महिन्याला, कुणीतरी तिच्या जागी बसून, तिच्या डोळ्यांनी ते बघितलं होतं, आणि झाकलं होतं.

चांगदेव आला तेव्हा तिन्हीसांज व्हायची होती. गाडी परवाची ठरली, असं तो म्हणाला. तिनं त्याला खुर्चीवर बसवलं आणि मॉनिटर दाखवला. तो धंद्यातला माणूस. फार सांगावं लागलं नाही. पाहता पाहता त्यानं डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

"म्हणजे डॉक्टरला आपण..."

"चुकीचे फोटो दिले."

"आता जाऊन काय सांगनार? आमीच पोरीला रंगवली म्हणून?"

"हो."

"अगं पण पुण्याला तपासलं तर काय बिघडलं? चांगलंच हाये की. नीट कळंल."

"हाडात सुई घालणार आहेत, अहो. ते तुमच्या पाकिटातल्या फोटोवरून ठरलंय. डॉक्टर म्हणाले, सावकाश उतरलं असतं तर वेगळा विचार केला असता. ते सावकाशच उतरलंय. त्यांना ते सांगायला नको?"

"मग आज का न्हाई बोललीस?"

तिनं कीबोर्ड बाजूला सरकवला. चांगदेवनं तिच्याकडं पाहिलं, मग मॉनिटरकडं, जिथं त्यांची लेक दोनदा बसली होती, एकदा सोन्याची आणि एकदा राखेची. "आपलं दुकान हाये हे, मुक्ता," तो हळू म्हणाला. "बोभाटा झाला तर लोक म्हणतील, स्वतःच्या पोरीला सुदिक..." वाक्य त्यानंच सोडून दिलं. बाहेर कुणीतरी दाखल्याचा फोटो काढायला आलं होतं. तो उठला, टोपी घातली, आणि बाहेर जाऊन मोठ्यानं म्हणाला, "या पावणं, बसा. मान सरळ. हसू नका."

दुसऱ्या दिवशी मंचरला बाकावर जागा मिळाली. आत गेल्यावर मुक्तानं छापून आणलेले नवे फोटो डॉक्टरांपुढं ठेवले, आणि कालचे त्यांच्या शेजारी. सांगायला सुरुवात केल्यावर तिला वाटलं होतं त्यापेक्षा सोपं गेलं; खुर्चीबद्दल बोलणं सोपं होतं. डॉक्टरांनी एक फोटो उचलला, दुसरा उचलला, चष्म्याच्या वरून तिच्याकडं बघितलं.

"हे मशीनचं झालं," ते म्हणाले. "तुम्ही सांगा. तुमच्या लक्षात कधी आलं?"

खोलीत साळुबाई होती, चांगदेव होता, दाराशी नर्स होती. "पहिल्या वाढदिवसानंतर," मुक्ता म्हणाली. "दीड वर्ष झालं, डॉक्टर. मी फोटोत भरून काढत होते."

चांगदेवनं मान वळवून तिच्याकडं पाहिलं. काल मॉनिटरवर पाहिलं होतं त्यानं, पण हे काल ऐकलं नव्हतं. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी कागद उलटा केला आणि पुन्हा पहिल्यापासून विचारायला लागले. दूध किती पिते? जेवण? चहा?

"च्या देतो की," साळुबाई म्हणाली. "दुधाचाच. जेवत न्हाई म्हनून तेवढाच आधार. सकाळ-दुपार-सांच्याला."

"माती खाते?"

साळुबाईनं मुक्ताकडं पाहिलं. "स्टुडिओत पडद्यामागची भिंत चाटते," मुक्ता म्हणाली. "मी बघितलंय." हेही बघितलं होतं तर. बघितलेलं किती होतं, ते एकेक बाहेर यायला लागल्यावर कळत होतं.

"हे सगळं काल का नाही सांगितलंत?" डॉक्टरांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता लिहू लागले. "लोहाचं औषध देतो. चहा बंद, आजी, अगदी थेंबसुद्धा नाही; चहानं लोह अंगी लागत नाही. तिला धाप लागते का, ती दमते का, बघत राहा. तसं झालं तर लगेच या. आठ दिवसांनी रक्त पुन्हा तपासू. चढायला लागलं असेल तर सुईची गरज पडणार नाही. नाही चढलं तर पुणं आहेच." चिठ्ठी फाडून देताना ते थांबले. "तेव्हा मात्र फोटो आणू नका. पोरगी आणा."

नर्स हसली. मुक्तानं चिठ्ठी घेतली. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, आणि थोडं वाटलंही, पण ते फार लांबून आल्यासारखं, दुसऱ्या कुणाच्या नावावर आलेलं. आठ दिवस. आठ दिवस आता ती पोरीची पापणी ओढून बघणार होती, सकाळच्या उजेडात, उंबऱ्यावर उभी राहून, आणि दिसेल ते तिला दिसणार होतं.

एसटी स्टँडवर ऊन चढलं होतं. साळुबाई औषधाची बाटली पदरात गुंडाळून सावलीला टेकली. आरोही मुक्ताच्या खांद्यावर झोपली होती, तोंड उघडं, लाळेनं ब्लाऊज ओला. चांगदेव बराच वेळ घोडेगावच्या गाडीच्या फलाटाकडं बघत उभा होता. मग तिच्याकडं न वळताच म्हणाला, "मला तरी सांगायचं व्हतंस."

"मला तरी कुठं सांगितलं होतं मी," मुक्ता म्हणाली.

एक गाडी आली, ती जुन्नरची होती; माणसं धावली आणि परत फिरली. धूळ खाली बसल्यावर तो जवळ आला, पोरीच्या काखेत हात घालून त्यानं तिला अलगद उचललं, जागी होऊ न देता स्वतःच्या खांद्यावर घेतलं. मुक्ताचा खांदा मोकळा झाला, आणि किती अवघडला होता, ते तेव्हा कळलं तिला. हात खाली सोडायचा म्हटलं, तर तो खाली येईना.